क्रमांक आता शून्यापासून

भाग्यश्री ओहोळ २००३ साली शिरूरला एसटी स्टँडजवळच्या एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची. राहायला न्हावऱ्यात, रोज एसटीनं ये-जा. क्लासचे मालक पोपटराव. त्यांना कंप्युटर चालू-बंद करण्यापलीकडे काही यायचं नाही, पण कोणता कोर्स खपतो ते बरोबर कळायचं. क्लासमध्ये खरं प्रोग्रॅमिंग येणारी एकटी भाग्यश्री. पोरं टायपिंग शिकायला यायची, तोवर ती मागच्या मशीनवर आपलं काहीतरी लिहीत बसायची.

तिचे थोरले चुलते, ज्ञानदेव आबा, दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यावरही दौंडमध्येच राहिले. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या वस्तीत रक्तदान शिबिर भरायचं आणि नऊ वर्षं त्याची सगळी नोंद आबांनी एका जाड वहीत ठेवली होती. नाव, गाव, फोन, रक्तगट. चारशे बारा माणसं झाली होती. दौंड, केडगाव, न्हावरे, सणसवाडी, सगळीकडची. कुठं अपघात झाला, कुणाचं ऑपरेशन निघालं, की रक्तपेढीतून आबांच्या शेजाऱ्याकडे फोन यायचा. आबा वही उघडून बोट फिरवत बसायचे.

"आबा, हे सगळं मी कंप्युटरवर घेते," भाग्यश्री एका दिवाळीला म्हणाली. "रक्तगट टाकला की दोन सेकंदात नावं येतील. फोन क्लासवरच येऊ दे, मी लावत जाईन पुढं."

"मराठीत येतील का नावं?" आबांनी विचारलं.

"मराठीतच."

हे तिनं छातीठोकपणे सांगितलं, कारण नुकतंच पुण्यातल्या एका प्रदर्शनात तिला 'लेखणीघर' नावाचं मराठी सॉफ्टवेअर मिळालं होतं. तेव्हा कंप्युटरवर मराठी म्हणजे छळ होता. इथं टाइप केलेलं नाव दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसत्या रेघा आणि ठिपके. लेखणीघरात मात्र मराठीत फॉर्म बनायचे, नावं अकारविल्हे लागायची, शोधली की सापडायची. सीडीवर 'बीटा १' असं छापलेलं होतं. स्टॉलवरच्या माणसानं सांगितलं होतं, "अजून तयार होतंय. पण तुम्ही आत्तापासून काम सुरू करा. मार्चमध्ये फायनल येईल." भाग्यश्रीनं महिनाभर खपून प्रोग्रॅम लिहिला, आबांची अख्खी वही त्यात भरली. तिला फार आनंद झाला होता. क्लासमध्ये जो येईल त्याला ती 'ळ' कसा बरोबर ठिकाणी लागतो ते दाखवायची.

जानेवारीत एका सकाळी प्रोग्रॅम उघडेना. पडद्यावर एक चौकट आली: या आवृत्तीची मुदत संपली आहे, कृपया बीटा २ घ्यावी. मुदत असते हे तिला माहीतच नव्हतं. कुरिअरनं सीडी मागवली, बसवली, आणि तिनं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या साठ-सत्तर ओळी एकदम लाल झाल्या. कंपनीनं सगळ्या आज्ञांची नावं बदलली होती. 'नोंदशोध' होतं त्याचं 'शोधनोंद' केलं होतं. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मदतीच्या पानावर एकच शब्द होता: लवकरच.

तिनं आठवडाभर बसून त्या ओळी दुरुस्त केल्या. वैताग आला, पण मनात म्हणाली, नवं आहे, होतं असं.

मार्चमध्ये फायनल आली नाही. बीटा २ ची मुदत संपली आणि बीटा ३ आली. या वेळी ओळी लाल झाल्या नाहीत, नावं फुटली. कंपनीनं अक्षरांचे आतले आकडे बदलले होते, त्यामुळे जुन्या नावांतला प्रत्येक 'र' उडाला आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले. चारशे बारा नावं. ती पुन्हा टाइप करायची म्हणजे वही हवी आणि वही तर आबा कुणाच्या हाती देत नसत. मग आबाच वही पिशवीत घालून दौंडहून एसटीनं शिरूरला आले. तीन दिवस आले. खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे आणि चष्मा पुसून एकेक नाव वाचायचे.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "भाग्ये, येक इचारू का? ही नावं आपन दिवाळीला घातली व्हती ना?"

"व्हय, आबा."

"मंग कुनी पुसली?"

"कंपनीनं. सुधारणा केली म्हणे."

आबांनी पुढचं नाव वाचलं.

त्या दिवशी भाग्यश्रीनं एक शहाणपण केलं, निदान तिला ते तेव्हा शहाणपण वाटलं. नावं, गावं आणि फोन लेखणीघरात राहू दिले आणि रक्तगट तेवढे काढून वेगळ्या साध्या फाइलीत ठेवले. म्हणजे उद्या परत काही फुटलं तर निदान रक्तगटाला धक्का नको. दोन्हींची जोड ओळीच्या नंबरावर. फाइलीतल्या एकशे सदतिसाव्या ओळीतला रक्तगट हा लेखणीघरातल्या एकशे सदतिसाव्या माणसाचा. सोपं आणि सरळ.

मेच्या सुरुवातीला बीटा ४ आली. भाग्यश्रीनं भीतभीतच ती बसवली. पण एकही ओळ लाल झाली नाही. सगळी नावं शाबूत. तिनं 'ओ पॉझिटिव्ह' टाकून पाहिलं, शंभरच्या वर नावं भराभर आली, प्रत्येक नाव स्वच्छ वाचता येत होतं. तिनं सुटकेचा श्वास सोडला. चौथ्या वेळेला तरी धड केलं म्हणायचं, असं ती पोपटरावांना म्हणालीसुद्धा.

बावीस मे रोजी दुपारी एकच्या सुमाराला क्लासमधला फोन वाजला. दौंडच्या रक्तपेढीतून अनिता बोलत होती. अनिता तिथली टेक्निशियन, केडगावची. भाग्यश्रीची आणि तिची ओळख फोनवरचीच, पण चांगली.

"भाग्यश्रीताई, बी निगेटिव्ह हवंय. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाही. आमच्याकडे एकही पिशवी नाही, ओ निगेटिव्हही नाही. तुमच्याकडे कुणी आहे का? नसेल तर पुण्याला गाडी पाठवायला सांगते डॉक्टरांना."

"थांबा, धरून ठेवा."

तिनं रक्तगट टाकला. तीन नावं आली. केडगावचा खंडू खरात, न्हावऱ्याचे दगडोबा कोळपे आणि सणसवाडीच्या कारखान्यातला सतीश जगदाळे.

"तीन आहेत," भाग्यश्री म्हणाली. "तिघांनाही पाठवते."

"मग पुण्याची गाडी राहू दे ना?"

"राहू द्या. खंडू तासाभरात पोचेल."

खंडूचं केडगाव स्टेशनजवळ पंक्चरचं दुकान होतं. शेजारच्या पीसीओवर निरोप दिल्यावर तो फोनवर आला.

"मॅडम, येतो की. पन माझं ते ओ का काय व्हतं वाटतं मला."

"कंप्युटरमध्ये बी निगेटिव्ह आहे, खंडूभाऊ. तुम्ही निघा."

"बरं. कंप्युटरमधी हाय म्हंजी असंल."

दगडोबा गोठ्यातलं काम टाकून मोटरसायकलवर निघाले. सतीशनं सुपरवायझरच्या पाया पडून सुट्टी घेतली. तिघं निघाल्यावर भाग्यश्रीनं पोरांना एक्सेलचा धडा दिला आणि फोनजवळ बसून राहिली.

पावणेतीनला अनिताचा फोन. "ताई, खंडू ओ पॉझिटिव्ह निघाला."

"असं कसं होईल? परत बघा."

"दोनदा बघितलं."

सव्वातीनला परत. "तुमचे न्हावऱ्याचे आलेत. ए पॉझिटिव्ह. ताई, तुमच्या यादीत काहीतरी घोळ आहे. आणि तुम्ही तिघं येतायत म्हणालात म्हणून आम्ही पुण्याला कुणालाच पाठवलं नाही."

भाग्यश्रीनं आबांच्या शेजाऱ्याकडे फोन लावला, आबांना बोलावून घेतलं, वही उघडायला सांगितली. पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"खंडू खरात," आबा वाचत होते. "ओ पॉझिटिव्ह लिव्हलंय. दगडोबा, ए पॉझिटिव्ह. काय झालं गं?"

"आबा, खंडूच्या वरच्या ओळीत कोण आहे?"

"वर... विनोद रणपिसे. बी निगेटिव्ह. आगं, ह्यो तर हितंच ऱ्हातो, रेल्वेच्या क्वाटरात. दवाखान्याच्या मागं."

प्रत्येक नावाला त्याच्या वरच्या ओळीतला रक्तगट लागला होता. वही तशीच शेजाऱ्याच्या टेबलावर टाकून आबा सायकलवर विनोदकडे गेले. तो रात्रपाळी करून झोपला होता. त्याला उठवून, तोंड धुऊ न देता रक्तपेढीत नेलं. तोवर सतीशही येऊन गेला होता, त्याचाही गट वेगळाच निघाला. चार वाजता विनोदचं रक्त घेतलं गेलं. बी निगेटिव्ह. पण तोवर डॉक्टरांना थांबणं शक्य राहिलं नव्हतं. जीव वाचवायला त्यांनी गर्भपिशवी काढून टाकली होती.

बाळंतीण जगली. नकुशी नाव तिचं, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली होती, तीही ठणठणीत. दुसरं मूल मात्र आता होणार नव्हतं.

त्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर भाग्यश्रीनं बीटा ४ ची सीडी परत मशीनमध्ये घातली आणि तिच्यातल्या सगळ्या फाइली एकेक करून उघडल्या. 'बदल' नावाची एक फाइल होती. त्यात पहिलं पानभर नव्या रंगांची वर्णनं होती, बटणांना गोल कोपरे दिल्याचं सांगितलं होतं, सुरुवातीला उमलणाऱ्या कमळाचं चित्र येतं त्याचं कौतुक होतं. अगदी शेवटी 'किरकोळ सुधारणा' म्हणून काही ओळी होत्या, त्यातली सातवी: तक्त्यातील ओळींचे क्रमांक आता एकऐवजी शून्यापासून.

म्हणजे तिनं एकशे सदतिसावा माणूस मागितला की लेखणीघर एकशे अडतिसावा देत होतं. चूक दाखवत नव्हतं, थांबत नव्हतं, लाल होत नव्हतं. दुसऱ्याच माणसाचं नाव सुंदर अक्षरात लिहून देत होतं. त्या कमळाकडे बघताना तिच्या तोंडात कडू पाणी आलं. उष्ट्या ताटात हात पडावा तसं वाटलं तिला. कीबोर्डवरून हात काढून तिनं ओढणीला पुसले.

दुसऱ्या दिवशी ती दौंडला गेली. दवाखान्याच्या पायरीवर नकुशीची सासू ताईबाई बसली होती. भाग्यश्रीनं आबांना बरोबर येऊ दिलं नाही. तिनं ताईबाईला सगळं सांगितलं. यादी मी केली होती, यादीत नावं सरकली होती, ज्याचं रक्त पाहिजे होतं तो मागच्याच गल्लीत झोपला होता.

ताईबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काल ती तीन मानसं आली. येक आला, गेला. दुसरा आला, गेला. म्या समद्यांच्या पाया पडले. मला वाटलं, ह्यांची द्यायची इच्छा न्हाई."

"त्यांची नव्हती चूक."

"मंग तुजी हाय?"

"माझीबी हाय," भाग्यश्री म्हणाली. "मी तपासलं, पण नीट तपासलं न्हाई."

ताईबाई म्हणाली, "डॉक्टर काय म्हनले, म्हाइत हाय? रगत येळंवर आलं असतं तर कदाचित थांबलो असतो. कदाचित म्हनले. आता त्या कदाचितचं मी काय करू?" मग ती उठली आणि आत गेली. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. म्हणावं अशी भाग्यश्रीची अपेक्षाही नव्हती.

सोमवारी ती पुण्याला गेली. कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, एसी लावलेलं, भिंतीला निळा रंग. पृथ्वीराज नावाचा एक तिशीतला माणूस तिला भेटला. लेखणीघरचं सगळं तोच बघायचा. अतिशय नम्र होता. त्यानं पाणी मागवलं, चहा मागवला, तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं.

"फारच वाईट झालं, मॅडम," तो म्हणाला. "पण आम्ही सीडीवर बीटा लिहिलेलं असतं. बीटा म्हणजे बदल होणारच."

"मग मी जुनीच आवृत्ती वापरली असती. मुदत का घालता?"

"सगळे जुन्यावरच राहिले तर नवं कोण तपासणार?"

"म्हणजे तपासायला आम्ही."

तो हसला, ओशाळून नव्हे, कौतुक केल्यासारखा. "तुमच्यासारख्यांच्या फीडबॅकवरच प्रॉडक्ट उभं राहतं."

"नंबर बदलायचं कारण काय होतं?"

"टीमला शून्यापासून बरं वाटतं. क्लीन दिसतं."

"मग जुन्या पद्धतीनं कुणी मागितलं तर चूक तरी दाखवायची."

"चूक कशी दाखवणार? एकशे सदतीस हा नंबर दोन्हीकडे बरोबरच आहे."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीनं खरोखरच सगळं बरोबर होतं. भाग्यश्रीनं आजूबाजूला पाहिलं. दाराजवळच्या टेबलावर एक मुलगी कंप्युटरवर कुणाची तरी हजेरी भरत होती. पडदा काळा आणि अक्षरं पांढरी, जुनाट प्रोग्रॅम.

"तुमची हजेरी लेखणीघरात नाही ठेवत?" तिनं विचारलं.

"नाही हो," पृथ्वीराज सहज म्हणाला. "रोजच्या कामाला बीटा कसं वापरणार?"

बोलून झाल्यावरही त्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. त्यानं ड्रॉवर उघडला, बीटा ५ ची सीडी काढली आणि तिच्यावर घडी घातलेला एक पांढरा टी-शर्ट ठेवला. छातीवर ते कमळ होतं आणि खाली लिहिलं होतं: मी लेखणीघर घडवतो.

"घडवते, असं नाही मिळत," तो म्हणाला. "मुलींसाठी वेगळे काढायचेत अजून."

चहा अर्धा होता, तो भाग्यश्रीनं तसाच ठेवला. सीडी आणि टी-शर्ट दोन बोटांनी टेबलावर त्याच्या बाजूला सारले आणि जिना उतरून खाली आली. रस्त्यावरच्या नळावर तिनं चूळ भरली. तरी एसटीत बसेपर्यंत तोंडातली चव गेली नाही. त्यातली निम्मी चव स्वतःबद्दलची होती. नावं नीट दिसतात म्हणून ती खूष झाली होती. माणसाचं नाव आणि त्याचं रक्त एकत्र ठेवायचं सोडून तिनं मधे एक नंबर ठेवला होता आणि त्या नंबराची चावी या लोकांच्या हातात दिली होती.

पुढचे तीन आठवडे तिनं लेखणीघर उघडलं नाही. फॉक्सप्रो या याद्या ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या आणि आता कुणीही हात लावणार नाही अशा आवृत्तीत, सगळं नव्यानं लिहिलं. मराठीसाठी क्लासमधला साधा जुना फॉन्ट घेतला. त्यात नावं अकारविल्हे लागत नव्हती, 'ळ' भलतीकडेच जायचा. जाऊ दे. प्रत्येक माणसाचं नाव, गाव, फोन, रक्तगट एकाच ओळीत. आबा परत वही घेऊन आले. या वेळी नाव वाचून झाल्यावर भाग्यश्री पडद्यावरचं त्यांना परत वाचून दाखवायची, आणि आबा वहीवर बोट ठेवून "व्हय" म्हणाले की मगच पुढं.

"ह्ये तरी टिकंल का?" आबांनी विचारलं.

"ह्याच्यात आता कुणी काही सुधारणार नाही, आबा. म्हणून टिकंल."

रक्तपेढीतून फोन यायचे राहिले नाहीत. पण अनिता आता दात्याला बोलावण्याआधी प्रत्येक वेळी विचारायची, "त्यांच्या रक्तदात्याच्या कार्डवर गट बघायला सांगितलंत ना?" आणि भाग्यश्री म्हणायची, "सांगितलं." पूर्वीचा तो हलका सूर दोघींच्या बोलण्यात परत आला नाही.

दिवाळीनंतर पोपटरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रंगीत पत्रकांचा गठ्ठा होता.

"ओहोळ मॅडम, नवा कोर्स आणलाय. लेखणीघर. कंपनी म्हणते, पुढं सगळ्या ग्रामपंचायतींत हेच येणार. तुम्ही तर आधीपासून वापरलंय, तुम्हीच शिकवा."

तिनं पत्रक उचललं. आत गुळगुळीत कागदावर शेताचा फोटो होता आणि मजकूर होता: 'शिरूर-दौंड परिसरातील चारशेहून अधिक रक्तदात्यांची यादी लेखणीघरावर. तंत्रज्ञानाने वाचवले प्राण.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मी हे शिकवणार नाही, पोपटराव."

"का? चांगलं लिहिलंय की आपल्याबद्दल."

तिनं त्यांना नकुशीचं सगळं सांगितलं. त्यांना अर्धं माहीत होतं, उरलेलं त्यांनी तोंड पाडून ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "वाईट आहे. पण ते बीटा चार होतं ना? आता सहा आलंय." आणि तो वर्ग त्यांनी अहमदनगरहून येणाऱ्या एका सरांना दिला.

भाग्यश्रीनं कंपनीला पत्र लिहिलं. पत्रकातली ती दोन वाक्यं काढा, नाहीतर त्यांच्याखाली खरं काय झालं ते छापा, एवढंच. उत्तर आलं नाही. क्लासच्या दारावर चिकटवलेलं पत्रक तिनं नखांनी खरवडून काढलं, पोपटरावांच्या देखत. त्यांनी दुसरं लावलं नाही.

नव्या कोर्सला बावीस पोरं आली. तिच्या फॉक्सप्रोच्या वर्गात पाच होती. दोन्ही वर्गांच्या मधे प्लायवुडची भिंत आणि तिला एक दार. जानेवारीत एका सकाळी ती फळ्यावर लिहीत असताना पलीकडून सरांचा आवाज आला, "मागच्या आठवड्यात शिकवलं ते वहीत खोडा. नव्या व्हर्जनमध्ये ते बदललंय." बावीस वह्यांची पानं एकदम उलटल्याचा आवाज झाला.

भाग्यश्रीचा खडू थांबला. तिनं जाऊन मधलं दार लावून घेतलं, आणि ते नीट लागत नव्हतं म्हणून त्याला बाक सरकवून टेकवला.